दाराजवळची जागा

माझी नणंद एका जागी बसली आहे, असं दृश्य लग्नानंतर कितीतरी दिवस माझ्या पाहण्यात आलं नव्हतं. जेवताना त्या दोनदा उठायच्या, एकदा पाण्यासाठी आणि एकदा उगाच. टीव्ही उभ्याने बघायच्या. फोनवर बोलताना या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या चालायच्या आणि फोन ठेवेपर्यंत वाटेतल्या सगळ्या उश्या सरळ झालेल्या असायच्या. ताईंच्या पायाला भिंगरी आहे, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. भाऊजी, म्हणजे ताईंचे मिस्टर, विमा कंपनीत आहेत. ते म्हणायचे, "हिचा विमा कोणी उतरवायचा नाही. ही या घटकेला कुठे असेल, हे आधी कळायला नको?"

एकच विषय असा होता की तो निघाला की ताई बसायच्या. कॉलेजच्या दिवसांतले कॉन्सर्ट.

आमची दारं समोरासमोर. मी शाळेत शिकवते. शाळा सुटली की मी घरी येऊन चहा ठेवायचा आणि तेवढ्यात ताईंनी कामावरून यायचं, असं ठरूनच गेलेलं. ताई दातांच्या लॅबमध्ये आहेत. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात. त्यावरून प्लास्टरचे साचे करायचे, मेणात एकेक दात बसवायचा आणि शेवटी घासून, चमकवून कवळी तयार करायची, हे त्यांचं काम. त्यांच्या नखांत कायम पांढरी भुकटी असते. "दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकं घालून बसते," त्या म्हणायच्या, "घरी आल्यावर माझं तोंड उघडायला नको का?" आणि मग उघडायच्या.

त्या गोष्टींमध्ये त्यांच्याइतकीच महत्त्वाची होती शिडी. शिडी म्हणजे त्यांची हॉस्टेलमधली रूममेट. ताई चणीने लहान आणि ही बाई दारातून येताना मान तिरकी करणारी. एकीने दुसरीला शिडी म्हटलं, दुसरीने पहिलीला बुटकी म्हटलं, फिट्टंफाट झाली. शहरात कुठेही गाणं-बजावणं असलं की दोघी हजर. सभागृहात, मैदानावर, एकदा तर बंद पडलेल्या गोदामात. "पण मला दिसायचं काय?" ताई सांगायच्या. "जितके कॉन्सर्ट ऐकले तितक्या शर्टांच्या पाठी पाहिल्या मी. शिडी वरून बातम्या द्यायची. आता गिटारवाला गुडघ्यावर बसला. आता उठतोय. बुटके, उठताना त्याची पॅंट फाटली गं बहुतेक!"

एका गायिकेला सर्दी झाली होती. दर कडव्यानंतर ती पाठ फिरवून शिंकायची आणि ड्रमवाला अशा शिताफीने त्याच क्षणी झांज वाजवायचा की पब्लिकला वाटलं, गाण्याची चालच तशी आहे. एका संध्याकाळी दोघी इतक्या ओरडल्या की दुसऱ्या दिवशीच्या तोंडी परीक्षेला दोघींपैकी एकीलाही आवाज नव्हता. "सरांना वाटलं, अभ्यास केलेला नाही म्हणून गप्प आहेत," ताई म्हणायच्या. "सरांचं बरोबरच होतं."

हे सांगताना त्या बसलेल्या असायच्या खऱ्या, पण गुडघे हलत असायचे. बशीतला चमचा वाजायला लागायचा.

मला एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. या सगळ्या हकिकती पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या होत्या. मी एकदा सहज विचारलं, "आणि तिसऱ्या वर्षी काय काय ऐकलंत?"

"तिसऱ्या वर्षी अभ्यास होता," असं म्हणून त्या गॅस बंद करायला उठल्या. गॅस बंदच होता.

ताईंना एकच मुलगी. कपाळावर जन्मखूण आहे म्हणून आम्ही सगळे तिला टिकली म्हणतो. इतर मुलांना झोपताना राक्षसाच्या आणि राजपुत्राच्या गोष्टी मिळतात. टिकलीला शिंकणारी गायिका आणि फाटलेली पॅंट मिळाली. त्यामुळे कॉलेजला गेल्यावर पहिल्याच वर्षी ती नाचत घरी आली, त्यात नवल काहीच नव्हतं. मी तेव्हा तिथेच बसून शेंगा सोलत होते.

"आई, शनिवारी मोठ्या मैदानावर कॉन्सर्ट आहे. दुपारी चारला. आमच्या वर्गातल्या सगळ्या चालल्यात."

"नाही जायचं," ताई म्हणाल्या.

टिकलीला वाटलं, आईने नीट ऐकलं नाही. "अगं, कॉन्सर्ट. गाण्यांचा."

"कळलं मला. नाही म्हटलं ना."

"पण का?"

"गर्दी असते."

"कॉन्सर्टला गर्दी नसणार तर कुठे असणार? तुझ्या लॅबमध्ये?"

भाऊजींनी पेपरातून डोकं वर काढलं. "जाऊ दे की तिला. तूच तर..." ताईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की उरलेलं वाक्य पेपरातच परत गेलं.

टिकलीचा चेहरा पडला आणि मग तापला. "लहानपणापासून तू मला हेच सांगत आलीस. शिडीमावशीने असं केलं, तुम्ही तसं केलंत. त्या सगळ्या थापा होत्या का?"

"थापा नव्हत्या," ताई म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागल्या. कपडे ओले होते. तसेच काढून, घडी घालून कपाटात ठेवले. मी नंतर हळूच बाहेर काढले.

त्यानंतरचे दिवस त्या घरात जिवाला चैन नव्हती. टिकलीने अबोला धरला. ताईंनी माळे साफ केले, सोफ्याची दिशा बदलली, दुसऱ्या दिवशी पुन्हा होती तशी केली. भाऊजी बिचारे रोज ऑफिसातून येऊन आधी अंदाज घ्यायचे की बसायचं कुठे. लॅबमध्येही तोच प्रकार. एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, "बाई, तुमची कवळी पेशंटला घातली. माणूस सरळ बघून हसतो, पण वाटतं शेजारणीला खुणावतोय. दातांची मधली रेघ कुठे गेली हो?" ताईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं. लॅबच्या मालकांनी त्यांना, तब्येत बरी नसेल, घरी जा, असं सांगितलं.

त्या घरी न जाता माझ्या शाळेच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. शेवटचा तास संपवून मी बाहेर आले तर या येरझाऱ्या घालतायत.

"चल जरा," म्हणाल्या.

"कुठे?"

"चल तर."

आम्ही बसने त्या मोठ्या मैदानावर गेलो. स्टेजचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते, हातोड्यांचे आवाज येत होते. ताईंनी स्टेजकडे बघितलंदेखील नाही. त्या भिंतीच्या कडेने एकेका फाटकापाशी जाऊन उभ्या राहायच्या, हाताने लांबी-रुंदीचा अंदाज घ्यायच्या. तिसऱ्या का चौथ्या फाटकाशी खुर्ची टाकून वॉचमन बसला होता.

"हे दार कुठल्या बाजूला उघडतं?" ताईंनी विचारलं.

"कुठलं दार?"

"हेच. आतल्या बाजूला की बाहेरच्या?"

वॉचमनने उठून दार ढकलून दाखवलं. ते बाहेर उघडलं. "का हो बाई? तुम्ही अग्निशमनवाल्या का?"

"नाही. मी कवळ्या बनवते."

वॉचमनने पटकन तोंड मिटून घेतलं.

मला हसू आवरेना, पण ताई हसल्या नाहीत. त्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, लगेच सरळ झाल्या आणि चालायला लागल्या. मी बरोबर चालले. अशा चालता चालताच त्यांनी मला तिसऱ्या वर्षाचं सांगितलं.

"सभागृह पहिल्या मजल्यावर होतं, वहिनी. जागा होती त्याच्या दुप्पट माणसं आत घेतलेली. आम्ही मध्यावर होतो. छान चाललं होतं सगळं. एका स्पीकरमधून ठिणगी उडाली आणि कोणीतरी 'आग' म्हणून ओरडलं. आग-बिग काही नव्हती. पण सगळे दाराकडे धावले, आणि ते दार आत उघडणारं. पुढचे उघडायला बघतायत, मागचे ढकलतायत, उघडणार कसं? शेवटी केव्हातरी ते मोडलं, आणि समोर जिना."

त्या थांबल्या. मग पुन्हा चालू लागल्या.

"माझे पाय जमिनीला लागतच नव्हते. गर्दीनेच मला उचललं. बुटकी ना मी, बाटलीच्या बुचासारखी वर आले. शिडी खालीच राहिली. एवढी उंच बाई, पण पायरी चुकली आणि पडली. मी तिचं मनगट धरलं होतं. घट्ट धरलं होतं गं. मी सोडलं नाही, ते सुटलं. तिच्या घड्याळाचा पट्टा माझ्या हातात राहिला आणि मी खाली रस्त्यावर होते."

"मग?"

"मग काय. खुबा मोडला तिचा. ऑपरेशनं झाली, वर्ष गेलं, एक पाय आखूड राहिला. आणि मला कोपराला खरचटलं होतं, एवढंसं."

"कोणी दगावलं का?"

"नाही. कोणी गेलं नाही, म्हणूनच तर त्याबद्दल पुढे कोणी फारसं बोललंही नाही."

शिडीताईंना मी दोन-तीनदा भेटले होते. त्या लंगडतात हे मला माहीत होतं. पण त्या दुसऱ्या गावात ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. गाडी शिकवणाऱ्या बाईला अपघाताबद्दल कसं विचारायचं, म्हणून मी कधी विषय काढला नव्हता.

"आणि तुम्ही परत कधीच गेला नाहीत?"

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भलतंच बोलले. "तिला जाता येत नाही आणि मी नाचत जाऊ?"

परत येताना बसमध्ये जागा होती, पण त्या उभ्या राहिल्या.

इकडे टिकली काही हातावर हात ठेवून बसली नव्हती. तिने सरळ शिडीमावशीला फोन लावला होता. गुरुवारी दुपारी खाली कर्णकर्कश ब्रेक लागला. गॅलरीतून बघते तर टपावर पाटी असलेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी फुटपाथवर अर्धी चढलेली. शिडीताई काठी टेकत उतरल्या. एका शिकाऊ बाईकडून एवढा लांबचा रस्ता त्यांनी गाडी चालवून घेतली होती. ती बाई आतच स्टिअरिंगला धरून घाम पुसत होती.

"तुझा तास झाला, पाणी पी," असं तिला सांगून शिडीताई वर आल्या. मी चहाचा ट्रे घेऊन ताईंकडे गेले, तोवर त्यांचं सुरूही झालं होतं.

"पोरीला पाठवत नाहीस म्हणे?"

"तू यात पडू नकोस," ताई म्हणाल्या. त्या खिडकीचे गज पुसत होत्या.

"का पडू नको? पडण्याचा अनुभव मला आहे."

"शिडे, यावर विनोद नको."

"मग कशावर करू? पाय माझा आहे." शिडीताई खुर्चीत बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली. "ऐक. मागच्याच महिन्यात मी गेले होते. नदीकाठच्या थिएटरात. बासरी आणि ड्रम. काय वाजवलं गं त्या पोरांनी!"

ताईंचा हात गजावर थांबला. "तू गेली होतीस?"

"दर महिना-दोन महिन्यांनी जाते. आजकाल गुडघाही कुरकुरतो, म्हणून दाराजवळची जागा घेते. शेवटचं गाणं सुरू झालं की निघते. गर्दी व्हायच्या आत गाडीत."

"दर महिन्याला? कधीपासून?"

"कुबड्या सुटल्या तेव्हापासून."

मला वाटलं होतं, ताईंना हायसं वाटेल. इतक्या वर्षांचं ओझं उतरेल, डोळ्यांत पाणी येईल, दोघी मैत्रिणी गळ्यात पडतील. तसलं काही झालं नाही. ताईंनी हातातलं फडकं जमिनीवर आपटलं.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस?"

"मी काय विचारायचं? मी इथे तुझ्यासाठी... मी इतकी वर्षं एकासुद्धा..." ताईंनी फडकं पायाने दूर सारलं. "मला वाटलं, तुला नुसतं नाव काढलं तरी त्रास होईल. मी तुझ्यासमोर रेडिओ बंद करायचे!"

"हो. मला वाटायचं, तुझं डोकं दुखतंय."

"शिडे!"

"अगं, पहिल्यांदा गेले तेव्हा तुला विचारलं होतं मी. तू म्हणालीस, परीक्षा आहे. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणे सर्दी. मग तुझं लग्न ठरलं. मग मी विचारणं सोडलं. मला वाटलं, हिला आता आवड राहिली नाही. माणसं बदलतात."

"मी नाही बदलले!" ताई ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू जा आता. खाली ती बाई ताटकळली असेल."

शिडीताई उठल्या. दारात मान तिरकी करून बाहेर पडताना मला म्हणाल्या, "चहा राहिला, तो खाली गाडीतल्या बाईला पाज. साखर जास्त घाल."

चहा कोणीच घेतला नाही. ताई तशाच चपला घालून बाहेर पडल्या आणि कॉलनीला किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मी गॅलरीतून बघत होते. हात हलवत, स्वतःशी बोलत चालल्या होत्या. भाऊजी ऑफिसातून येताना त्यांना वाटेत भेटले, तेही बॅगेसकट बरोबर चालायला लागले. काही न विचारता. भाऊजींचं हे मला फार आवडतं.

परत आल्यावर ताईंनी टिकलीच्या खोलीचं दार वाजवलं. "शनिवारी जा," म्हणाल्या. "पण बूट घालायचे, लेस दोन गाठींची. स्टेजच्या पुढ्यात जायचं नाही, कडेने राहायचं. आत गेल्यावर आधी बाहेर पडायची दारं बघून ठेवायची. आणि कोणी काहीही ओरडलं तरी धावायचं नाही. भिंतीला लागून उभं राहायचं."

टिकलीने अबोला सोडून आईला मिठी मारली. "शिडीमावशीने मला सांगितलं सगळं," एवढंच ती म्हणाली. ताईंनी तिला बाजूला केलं आणि उशीचा अभ्रा बदलायला घेतला.

शनिवारी दुपारी टिकली गेली. मी मनात म्हटलं, आता या बाईकडे बघवणार नाही. आणि खरंच, जिन्यावर टिकलीच्या पावलांचा आवाज संपतो न संपतो तोच समोरच्या घरातून कपाट सरकवल्याचा आवाज आला. मग पुन्हा. थोड्या वेळाने माझ्या दारावर थाप पडली. ताई बूट घालून उभ्या.

"चल."

या वेळी मी कुठे म्हणून विचारलं नाही.

बसमध्ये त्यांनी फोन लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आहेस का तिथे?"

पलीकडचं मला अर्धवट ऐकू आलं. "दुसऱ्या फाटकाशी. तिकीट आहे तुझं."

"माझं तिकीट तू कशाला काढलंस?"

"मी नेहमी एक जास्तच काढते. कोणी ना कोणी लागतं."

ताईंनी फोन बंद करून हातात तसाच धरून ठेवला. मला तिकीट खिडकीवर मिळालं. फाटकावरच्या पोरीने आमच्या मनगटांवर निळा शिक्का मारला आणि आम्ही तिघी आत गेलो, बाहेरच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, लोखंडी कठड्याला टेकून.

ऊन अजून होतं. माणसांचा सागर होता समोर. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा माझ्या छातीत धडधडलं. ते माझं हृदय होतं की स्पीकर, मला सांगता येईना. शिडीताई काठीने ताल धरत होत्या. ताई स्टेजकडे पाठ करून उभ्या होत्या. त्या दार बघत होत्या.

"इकडे बघ की जरा," शिडीताई म्हणाल्या.

"तू बघ. मी इथे बरी आहे."

दुसरं गाणं, तिसरं गाणं. मग पुढच्या बाजूला रेटारेटी झाली. फार काही नाही, पण माणसांची एक लाट आली आणि आमच्यापर्यंत येऊन विरली. गायकाने गाणं थांबवलं, "सगळे दोन पावलं मागे या, आपण घाईत नाही," असं माइकवरून सांगितलं आणि लोक हसत हसत मागे सरले. तेवढंच झालं. पण मी वळून बघते तर ताई नव्हत्या.

त्या बाहेर रस्त्यावर, उभ्या केलेल्या बसगाड्यांच्या बाजूने येरझाऱ्या घालत होत्या. चेहरा प्लास्टरसारखा पांढरा. मी पाण्याची बाटली विकत घेतली, त्या अर्धी प्यायल्या आणि अर्धी त्यांनी स्वतःच्या मानेवर ओतली.

"टिकली आत आहे," त्या म्हणाल्या. "मला आत जायला हवं." आणि गेल्या. मनगट दाखवलं, आत शिरल्या. अर्धं गाणं उभ्या राहिल्या आणि पुन्हा बाहेर. परत आत. परत बाहेर. शेवटी फाटकावरची पोरगी म्हणाली, "मावशी, एकदा काय ते ठरवा ना. शिक्का पुसला जाईल."

"पुसला तर दुसरा मार," ताई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज जरा माणसात आल्यासारखा वाटला.

तोवर शिडीताईही बाहेर आल्या. दोघी फुटपाथच्या कडेवर बसल्या. ताई बसल्या! मी जरा लांबच थांबले, पण ऐकू येत होतं. आतलं गाणं भिंतीवरून येत होतं, बाहेर ते जास्त स्पष्ट वाटत होतं.

"तुला नक्की राग कशाचा आलाय?" शिडीताईंनी विचारलं. "मी जात राहिले त्याचा, की तू गेली नाहीस त्याचा?"

"दोन्हीचा. आणि तू एवढी मजेत आहेस त्याचाही."

"मजेत? दोन गाणी झाली की पाय ठणकायला लागतो. पण घरी बसलं तरी ठणकतोच. मग म्हटलं, ठणकायचंच आहे तर गाणं ऐकत ठणकू दे."

ताईंनी बुटाची लेस सोडून पुन्हा दोन गाठी मारल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या घड्याळाचा पट्टा आहे माझ्याकडे."

"अजून? टाक की. घड्याळ कधीच मोडीत गेलं."

"नाही टाकणार."

"बरं, नको टाकूस."

मग त्या दोघी कशावरून तरी हसल्या. काय झालं ते मला कळलं नाही, गाण्यात बुडालं. हसता हसता ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते चिडून पुसलं. मग उठून पुन्हा आत गेल्या, या वेळी शिडीताईंचा दंड धरून. तीन गाणी सलग थांबल्या. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून मला स्टेजवरचं काही आठवत नाही. तिसऱ्या गाण्याला त्यांची मान वळली. पूर्ण नाही. दार डोळ्यांच्या एका कोपऱ्यात राहील इतकी.

शेवटचं गाणं सुरू होताच शिडीताईंच्या नियमाप्रमाणे आम्ही बाहेर पडलो. टिकली मैत्रिणींबरोबर आली, घामाघूम, घसा बसलेला. आम्हाला बघून तिचे डोळे विस्फारले.

"आई! माझ्यावर पाळत ठेवायला आलीस?"

"हो," ताई म्हणाल्या. "आणि गाणी ऐकायला."

"कुठलं आवडलं मग?"

ताईंनी आठवायचा प्रयत्न केला. "अर्धी अर्धी ऐकली गं सगळी. तू सांग पूर्ण."

आणि टिकली घरी येईपर्यंत सांगत राहिली. गाडीत शिडीताई पुढे बसून स्वतः चालवत होत्या. त्या दिवशी त्यांनी शिकाऊ बाईला सुट्टी दिली होती, हे आमचं नशीब.

या गोष्टीला वर्ष होत आलं. ताई बऱ्या झाल्या का, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. त्या आता जातात. शिडीताई कळवतात, दोघी ठरवतात, आणि दोनातल्या एका वेळी ताई मध्येच उठून बाहेर येतात. एकदा तर तिकीट काढून आत न जाता परत आल्या आणि घरी येऊन सगळी भांडी घासली. पुढच्या महिन्यात मात्र एका लहानशा हॉलमध्ये पूर्ण कार्यक्रम ऐकला. मला सांगायला आल्या तर धाप लागलेली. "बाईने सतार बाजूला ठेवली आणि नुसत्या बोटांनी टेबलावर वाजवलं, वहिनी! टेबलावर!" बोलता बोलता त्यांनी माझ्या ओट्यावर वाजवून दाखवलं. मी शिकवून दमून आले होते, तरी ऐकत बसले.

शिडीताईंवरचा राग पूर्ण गेलेला नाही. मध्येच काहीतरी आठवतं आणि फोन लावून विचारतात, "त्या वर्षीसुद्धा गेली होतीस का गं? आणि त्या?" होकार आला की फोन आपटतात. तासाभराने पुन्हा लावतात, कोण आलं होतं, काय गायलं, कसं झालं, सगळं विचारून घेतात. भाऊजी म्हणतात, "मागच्या वर्षांची वसुली चालली आहे."

आज एका शाळेच्या पटांगणात कार्यक्रम आहे, संध्याकाळी. या वेळी ताईंनी मलाही तिकीट काढायला लावलं आहे. आत्ता दुपार आहे. समोरचं दार उघडं आहे आणि मला इथून दिसतंय: ताई बूट घालून तयार, खुर्चीच्या कडेवर टेकल्यात. उठल्या. खिडकीपर्यंत गेल्या. परत येऊन टेकल्या.

"ताई, अजून खूप वेळ आहे," मी ओरडून सांगते.

"माहीत आहे," त्या म्हणतात, आणि पुन्हा उठतात.